सहा जणांचं एकच बक्षीस

मैत्रिणींनो, रानातून आत्ताच आला असाल, चुलीपुढं असाल, नाहीतर बेदाणा निवडत बसला असाल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही चित्रांबद्दल बोलणार आहोत. चित्र रेडिओवर दिसत नाही, म्हणून शब्दांनीच दाखवतो.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा मुलूख आहे. तिथली गावंच्या गावं एके काळी कोळशाच्या खाणींवर जगायची. तिथल्या कार्डिफ शहरात ‘आर्टेस मुंडी’ नावाचं कलेचं मोठं बक्षीस देतात. माणसाच्या जगण्यावर काम करणारे जगभरातले मोजके कलाकार निवडतात, त्यांचं प्रदर्शन भरवतात आणि मग परीक्षक निकाल लावतात. नवव्या खेपेला सहा जण निवडले गेले. त्यात चौघी बाया होत्या आणि एक नाव आपल्या महाराष्ट्रातलं होतं, प्रभाकर पाचपुते.

पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, जन्म १९८६ चा. घरची माणसं कोळशाच्या खाणीत राबलेली. त्यांनी लाकडी कोळशाच्या कांडीनं भिंतीच्या भिंती भरून चित्रं काढली. त्यांच्या चित्रातला माणूस बघितला की आधी दचकायला होतं. धड माणसाचं, पण डोक्याच्या जागी दिवा, नाहीतर एखादं अवजार. कुठं माणूस आणि जनावर एकमेकांत मिसळलेले. मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, तळपायाला फोड आलेल्या बाया आपण टीव्हीवर पाहिल्या. त्या मोर्चावरही त्यांनी काम केलं. कार्डिफसाठी त्यांनी चंद्रपूरचे आणि वेल्सचे खाणकामगार एकत्र आणले. मोठाले कॅनव्हास रंगवले आणि मोर्चात धरतात तसली निशाणंही केली.

तुम्ही म्हणाल, डोक्याच्या जागी अवजार, हे कसलं चित्र? माणसासारखा माणूस काढता येत नाही का? येतो की. पण जरा आपल्याकडं बघा. ऊसतोडीला आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, तेव्हा लांबून तिचं तोंड दिसत नाही, मोळीच चालताना दिसते. भांगलणीला बसलेल्या बायकांची रांग बघा. नुसत्या वाकलेल्या पाठी आणि खुरपी. काम माणसाला कसं गिळतं, ते हुबेहूब चेहरा काढून सांगता येत नाही, म्हणून चित्रकार चेहरा काढून टाकतो. तेव्हा असं चित्र समोर आलं की ‘हे कशासारखं दिसतं’ एवढंच विचारू नका. ‘ह्यानं काय पाहिलंय’ असं विचारा. त्याचं उत्तर द्यायला कॉलेजात जावं लागत नाही. ज्यानं राबून बघितलंय त्याला ते लवकर कळतं.

आपल्यातल्या कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? रान आपण कसतो, पण कागदावर आपलं काम दिसत नाही. जे कागदावर येत नाही, ते कुणीतरी चित्रात मांडलं, तर निदान बघणाऱ्याला नाकारता येत नाही.

आता निकाल ऐका. करोनामुळं प्रदर्शन लांबलं, उघडलं तेसुद्धा आधी इंटरनेटवर. आणि एप्रिल २०२१ मध्ये परीक्षकांनी जाहीर केलं की ह्या वेळी एक विजेता नाही, सहाही जण विजेते. प्रत्येकाला १० हजार पौंड, म्हणजे तेव्हाचे साधारण १० लाख रुपये. सहाही जणांचं काम तोलामोलाचं, त्यात काळ असा कठीण. एकाला वर चढवून पाच जणांना खाली बसवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

आपल्याकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रांगोळी स्पर्धा होते. पहिला, दुसरा, तिसरा नंबर निघतो, डबे वाटतात, आणि बाकीच्या बाया पुढच्या वर्षी नाव द्यायला कचरतात. नंबर काढूच नका असं आम्ही म्हणत नाही. पण निकालाआधी प्रत्येकीला दोन मिनिटं द्या. हे का काढलं, कुठं सुचलं, ते तिच्या तोंडून ऐका. आणि एखाद्या वर्षी गटानं बक्षिसाचे पैसे सगळ्यांत वाटून बघा.

आणि खरीखुरी कला बघायला लांब जायला नको. खटाव तालुक्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी ते उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेतच, पण हेन्री मूर ह्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. कॅलेंडरातल्या यशोदेसारखं ते गोडगोजिरं नाही. हा मूरही खाणकामगाराचाच मुलगा.

सातारा काय, सांगली काय, यमाईच्या दर्शनाला आपण जातोच. पुढच्या वेळी गटानं संग्रहालयात अर्धा तास जास्तीचा काढा. त्या आईपुढं उभ्या राहा आणि एकमेकींना विचारा, ह्यानं काय पाहिलं असेल? जे सुचेल ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर रामराम.