आवरणारा हात

राज्याला सैन्य हवे, तशीच त्या सैन्याला आवरणारी सत्ताही हवी. शरीराच्या राज्यातही हाच न्याय चालतो. रोगजंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कौतुक सारेच करतात. पण त्यांना वेळीच थांबविणारे कोणी नसते, तर काय झाले असते?

याचे उत्तर प्रथम उंदरांनी दिले. १९४९ साली अमेरिकेत ओक रिज येथे किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास चालू असता काही नर पिलांची कातडी खपल्यांनी भरली आणि ती थोड्याच आठवड्यांत दगावली. पुढे कळून चुकले, की त्यांच्या संरक्षक पेशींनीच त्यांचे शरीर पोखरले होते. २००१ साली मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरील सदोष जनुक शोधून काढले. त्याचे नाव फॉक्सपी-३. याच जनुकातील दोषाने काही मुलगे तान्हेपणीच आयपेक्स या जीवघेण्या व्याधीने ग्रासले जातात.

या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीकेंद्रात इतर जनुकांपाशी जाऊन बसते व त्यांतील कित्येकांचे अनुलेखन रोखते. पेशींना चेतविणारे इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य मग त्या पेशीत तयार होत नाही. अशी पेशी लढवय्यी न राहता नियामक बनते. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या नियामक पेशी ओळखल्या होत्या. त्यांची सूत्रे फॉक्सपी-३च्या हाती आहेत, हे २००३ साली दिसून आले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लाभले.

मग संसर्गाच्या प्रसंगी हा संयम घातक ठरत नाही काय? कालाआजाराच्या परजीवीचा एक भाऊबंद त्वचेवर व्रण उठवितो. २००२ साली यास्मिन बेलकैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांत असे आढळले, की व्रण भरल्यावरही थोडे परजीवी तेथे उरतात. नियामक पेशी त्यांचा निःपात होऊ देत नाहीत. या पेशींचा अंमल नसलेल्या उंदरांत परजीवी समूळ नष्ट झाले; परंतु पुन्हा लागण होताच ते उंदीर पूर्वीसारखे सुरक्षित राहिले नाहीत. उरलेला शत्रूच पहाऱ्याला जागे ठेवीत होता.

लगाम सैल सुटला तर स्वतःचेच शरीर घायाळ होते. फार आवळला तर रोग ठाण मांडतो. म्हणून प्रतिकारशक्ती वाढविणे एवढेच वैद्यकाचे काम नव्हे. ती कोठवर वाढू द्यावी, हे जाणणे अधिक कठीण आहे.