धावपट्टीखालची जमीन कोणाची?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त देवणी येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेले भाषण)



आजच्या दिवसासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. जुन्या लष्करी विमानतळांच्या इमारती, हँगर आणि बराकी जतन करण्याची चळवळ जगात अनेक ठिकाणी सामान्य नागरिक चालवतात. पण तिचा देवणीच्या शेतकऱ्याशी संबंध काय? सोयाबीनचा भाव आणि पीकविमा सोडून हे निवृत्त प्राध्यापक विमानांच्या मागे का लागले?

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. भालकीच्या पलीकडे बिदरला वायुदलाचा तळ आहे. १९६३ पासून तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. आज तो तळ परराज्यात आहे, परंतु १९५६ पूर्वी आपला उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. भाषावार राज्यरचनेत जिल्हा विभागला गेला. तालुका इकडे आला आणि विमानतळ तिकडे राहिला. म्हणजे ज्याला आपण कर्नाटकाचा विमानतळ म्हणतो तो आपल्या आजोबांच्या जिल्ह्याचा विमानतळ होय.

त्या धावपट्टीवर १९४८ साली काय उतरले हे तरुण कार्यकर्त्यांना क्वचितच ठाऊक असते. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन जातीच्या विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणीत असे. ही विमाने रात्रीच्या अंधारात बिदर आणि वरंगळ येथे उतरत. त्याच वर्षी मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात रझाकारांनी हत्याकांड केले. पुढे कॉटनवर लंडनच्या न्यायालयात खटला झाला आणि किरकोळ दंड भरून तो मोकळा झाला. गोरट्याच्या घरांना मात्र दंड भरून मोकळे होण्याची सोय नव्हती.

निजाम आणि विमाने यांचे नाते त्याहूनही जुने आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ब्रिटिश वायुदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मूळ विमाने निजामाने भेट दिली होती. प्रत्येक विमानावर त्या भेटीचा उल्लेख कोरलेला असे आणि त्या तुकडीला हैदराबाद स्क्वाड्रन हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या तुकडीलाही हैदराबादचे नाव मिळाले. तिचे ब्रीदवाक्य होते 'एकनिष्ठ मित्र'. ब्रिटिशांनी निजामाला दिलेल्या पदवीतलेच ते शब्द. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एकच प्रश्न पडतो : या भेटीचा पैसा आला कोठून? तो सरकारी खजिन्यातून गेला असो की निजामाच्या खाजगी 'सर्फेखास' मुलुखातून, तो शेवटी सारा भरणाऱ्या कुळाच्या आणि वेठीला राबणाऱ्या माणसाच्या घामातूनच निघाला होता. ब्रिटनसाठी लढणाऱ्या विमानांवर निजामाचे नाव होते. उदगीरच्या कुळाचे नाव कोणत्याही विमानावर नव्हते.

म्हणून लष्करी वास्तू जपण्याचा प्रश्न माझ्या मते दगडविटांचा प्रश्न नाही. त्या वास्तूचा खर्च कोणी सोसला, तिची आठवण कोणाच्या ताब्यात राहणार आणि ती आठवण पुरती राहणार की सोयीपुरती, हा तो प्रश्न आहे. आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहू.

विक्रांत ही युद्धनौका आपल्याला ठाऊक आहे. ती म्हणजे पाण्यावर तरंगणारा विमानतळ. भारताने ती १९५७ साली ब्रिटनकडून विकत घेतली आणि १९६१ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिचा एक बॉयलर नादुरुस्त होता; तरीही ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरच्या सी हॉक व अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. १९९७ साली ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे तिचे संग्रहालय होते. तिची अवस्था धोकादायक झाल्याचे सांगून ते २०१२ मध्ये बंद करण्यात आले. कायमच्या संग्रहालयासाठी खाजगी भागीदार मिळेना, आणि हे काम आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही अशी भूमिका राज्य शासनाने घेतली. नागरिक उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१४ मध्ये याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयातही यश आले नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलावात गेलेली ती नौका २०१४ च्या अखेरीस तोडण्यास सुरुवात झाली आणि तिच्या पोलादापासून पुढे मोटारसायकली निघाल्या!

'परवडत नाही' या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण उभे आयुष्य मी तो शब्द वर्गात शिकवला आहे. भंगाराची किंमत जमेच्या रकान्यात लिहिता येते. लाखो शाळकरी मुलांनी एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली, याची किंमत लिहायला मात्र हिशेबाच्या वहीत रकानाच नसतो. मग शासन म्हणते, खाजगी भांडवल आले तर वारसा राहील. याचा सरळ अर्थ असा की ज्याच्यातून नफा निघत नाही ते राष्ट्राने विसरावे. विशाखापट्टणमला २००२ पासून कुरसुरा ही पाणबुडी आणि २०१७ पासून नौदलाचे टीयू-१४२ विमान समुद्रकिनाऱ्यावर लोकांसाठी उभे आहे. तेथे जे जमले ते मुंबईसारख्या धनाढ्य नगरीत का जमू नये?

परंतु सगळा दोष शासनाच्या माथी मारून आपण सुटू शकत नाही. विक्रांत वाचवणारे नागरिक प्रामाणिक होते. त्यांच्या हाती मात्र विनंती आणि याचिका एवढेच होते. ताबा त्यांचा नव्हता. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात स्टो मेरीज येथे १९१६ साली जर्मनांचे हवाई हल्ले परतवण्यासाठी उभारलेला विमानतळ आहे. युद्ध संपताच १९१९ मध्ये तो सोडून देण्यात आला आणि त्याच्या इमारती शेतीच्या कामाला लागल्या. शेतीने त्या वाचवल्या असेही म्हणता येईल. त्यांतील २४ इमारती आजही उभ्या आहेत. स्थानिक शासनसंस्था आणि राष्ट्रीय वारसा निधी यांच्या साहाय्याने ती जागा सार्वजनिक न्यासाकडे आली आणि आसपासचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी तेथे राबतात. पैसा सार्वजनिक आणि हात शेजारच्या गावांचे, अशी ती व्यवस्था आहे.

बर्लिनच्या टेम्पलहोफचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. ती अवाढव्य इमारत नाझी राजवटीने बांधली. १९४८ च्या जूनपासून जवळजवळ वर्षभर तेथे कोंडी झालेल्या शहरासाठी विमानांनी कोळसा आणि पीठ उतरले. जवळजवळ त्याच सुमारास आपल्या बिदरला काय उतरत होते ते मी सांगितलेच. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि त्या सुमारे ३०० हेक्टर मैदानाच्या काठाने घरे व कचेऱ्या बांधण्याची योजना निघाली. २५ मे २०१४ रोजी नागरिकांनी सार्वमत घेऊन ती रोखली. सुमारे ६४ टक्के मते मोकळ्या मैदानाच्या बाजूने पडली. पण मला सांगायचे आहे ते पुढेच आहे. महायुद्धात त्या तळावर विमाने बनवण्यासाठी परदेशांतून धरून आणलेल्या वेठमजुरांना राबवले जात होते आणि तळाच्या कडेला त्याआधी नाझींची छळछावणी होती. कोळशापिठाची अभिमानाची गोष्ट सांगून भागले असते. तरी नागरिकांच्या एका गटाने ही लाजेची गोष्टही त्या मैदानावर सांगितली पाहिजे असा आग्रह धरला. मजुरांच्या बराकींच्या जागी उत्खनन झाले.

आपल्याकडे अशा आग्रहाची फार गरज आहे, आणि ही गोष्ट मी आजच्याच दिवशी मुद्दाम बोलतो आहे. १७ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य बिदरमध्ये शिरले आणि त्याच दिवशी निजामी राजवट कोसळली. हा आपल्या अभिमानाचा दिवस आहे. परंतु त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान शेजाऱ्यांची जी कत्तल झाली तिचे काय? पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे दिली. मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार असावी असा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही. गोरटा सांगायचा आणि हे गाळायचे, किंवा हे सांगायचे आणि गोरटा गाळायचा, या दोन्ही गोष्टी सध्या सोयीप्रमाणे चालू आहेत. धावपट्टी जपून तिच्याभोवती असा अर्धा इतिहास सांगितला जाणार असेल, तर ती जपली काय आणि नांगरली काय, मला फरक वाटत नाही.

आता आपल्या हाती काय आहे? बिदरचा तळ चालू लष्करी तळ आहे. त्याच्या आत आपण जाऊ शकत नाही आणि जाण्याचा हट्टही धरू नये. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने शंभर वर्षे पुरी झाल्याशिवाय वास्तू प्राचीन ठरत नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील इमारतींना पुरातत्त्व खात्याचे छत्र आज मिळणार नाही. पण कागद आणि माणसे कुंपणाच्या बाहेर आहेत. तळासाठी कोणाच्या जमिनी गेल्या, मोबदला काय मिळाला, मुरूम आणि खडी कोणी वाहिली, हे जुन्या महसुली दफ्तरांत, खासरा पत्रकांत आणि हैदराबादच्या अभिलेखागारात शोधावे लागेल. त्यातील बराचसा मजकूर उर्दूत आहे. उदगीरला उर्दू वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांच्यावाचून हे काम होणार नाही, आणि सुंदरलाल अहवालाची बाजू ऐकायची तर त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसावे लागेल. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्याकडे फार वेळ नाही.

मी माझ्यापुरते काम वाटून घेतले आहे : महसुली कागदांचे आर्थिक वाचन मी करीन. सीमेपलीकडच्या गावांत कन्नड बोलणारा सोबती हवा. कोणत्या गावी कोणी जायचे आणि बिदरच्या मित्रांना पत्र कोणी लिहायचे, ते सभा संपल्यावर येथेच बसून ठरवू. मी वही आणली आहे.