कोतवालीची किंमत



उदगीरचा किल्ला पाहायला पाहुणा आला की इथला माणूस हटकून १७६० ची लढाई सांगतो. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, साठ लाखांचा मुलूख घेतला. त्यानंतर भाऊ पानिपताकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत अठरा वर्षांचा नाना फडणवीस होता. पानिपतातून जिवानिशी सुटलेला हाच नाना पुढे पेशवाईचा कारभारी झाला आणि त्याच्या अमदानीत पुण्याची कोतवाली घाशीराम सावळदासाच्या हाती आली.

ऑगस्ट १७९१ मध्ये या कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळलं. घाशीरामाला दगडांनी ठेचलं गेलं.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात या कोतवालीला किंमत आहे: घाशीरामाची मुलगी गौरी. नानाला ती हवी, बापाला अधिकार हवा. सौदा ठरतो. पुण्यानं चोर ठरवून हाकलून दिलेला माणूस त्याच पुण्याच्या उरावर बसतो. सूड उगवण्यासाठी पोर आपण विकतोय, हे त्याला ठाऊक असतं; ती मेल्याचं मात्र त्याला उशिरा कळतं.

जब्बार पटेलांनी १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात हे नाटक उभं केलं. भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नानाच्या भूमिकेत. पण नाटक खरं पेललं ते ओळीनं उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांच्या भिंतीनं. ही माणसं डोलत देवाचं नाव घेतात. घरी कीर्तनाला जातो म्हणून सांगतात आणि बावनखणीत नाच बघायला जातात. प्रेक्षक खदखदून हसतो. मग ती पाठ फिरवतात, भिंत होते, आणि तिच्याआड जे घडायचं ते घडतं. हसू तिथंच घशात अडकतं. मराठी रंगभूमीवर लोभाचं आणि वासनेचं इतकं थेट चित्र क्वचितच दिसलं असेल. घाशीराम एकटा घडत नाही. पाठ फिरवून उभी राहणारी माणसं त्याला घडवतात.

नानांची बदनामी झाली, ब्राह्मणांची टवाळी झाली, असा गदारोळ उठला. १९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा सुरू केलं आणि १९८० मध्ये थेट युरोपात नेलं.

शेवटी जमाव घाशीरामाचा जीव मागतो. नाना तो देऊन टाकतो, आणि गावाला उत्सव करायला सांगतो. भिंतीतली माणसं पुन्हा गाऊ लागतात.