महाकाय प्राणी आणि पडण्याचें गणित

सन 2021 च्या सप्टेंबर महिन्यांत नाशिक जिल्ह्यांत एक चमत्कारिक प्रसंग घडला. मांजराचा पाठलाग करीत असतां एक बिबट्या विहिरींत पडला, आणि त्याच्याबरोबर मांजरही खालीं गेलें. विहिरींत भक्ष्य व भक्षक समोरासमोर आलेले आहेत, हें विलक्षण चित्र तेव्हां देशभर लोकांनीं पाहिलें. पुढें बिबट्यास बाहेर काढून त्याच्या रानांत सोडून देण्यांत आलें. निफाड, सिन्नर या भागांतील उसाच्या मळ्यांचा आश्रय घेणारे बिबटे रात्रीं कठडा नसलेल्या विहिरींत पडावे, आणि वनखात्याच्या माणसांनीं दोराला बाज किंवा पिंजरा बांधून त्यांस वर काढावें, ही गोष्ट या जिल्ह्यास नवी नाहीं. येथें लक्षांत घेण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. त्या विहिरींत बिबट्याऐवजीं बैल पडला असता तर? बैलाऐवजीं हत्ती पडला असता तर? आणि हत्तीऐवजीं, या पृथ्वीवरून केव्हांच नाहींसा झालेला एखादा अजस्र डायनोसॉर पडला असता तर?

प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु ज्या घरांत दहा-बारा वर्षांचीं मुलें आहेत, त्या घरांत तो केव्हां ना केव्हां निघतोच. संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणार्‍या ज्या खेळांस व्हिडिओ गेम म्हणतात, त्यांत डायनोसॉरांचें राज्य मोठें आहे. 2015 सालीं प्रथम लोकांपुढें आलेल्या व 2017 सालीं पूर्णावस्थेस गेलेल्या 'आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड' या खेळांत खेळाडू डायनोसॉरांस माणसाळवितो, त्यांच्या पाठीवर बसून अरण्यें तुडवितो, डोंगर चढतो, आणि कधीं कड्यावरून खालींही येतो. अशा खेळांत प्रत्येक प्राण्याजवळ आयुष्याचा एक आंकडा असतो. प्राणी उंचावरून पडला कीं त्यांतून कांहीं वजा होतें, आणि आंकडा शून्यावर आला कीं प्राणी मेला. हा आंकडा सामान्यतः लहान प्राण्यास थोडा व मोठ्यास पुष्कळ दिलेला असतो. त्यामुळें मुलाच्या मनांत एक समज नकळत रुजतो : देह जितका मोठा, तितकें पडणें सोसणें सोपें. निसर्गाचा हिशेब मात्र असा नाहीं.

खेळांतील वजाबाकी कशी चालते, याचें स्वच्छ उदाहरण 'माइनक्राफ्ट' या जगप्रसिद्ध खेळांत सांपडतें. त्यांतील जग एकेक मीटर बाजूच्या ठोकळ्यांचें बनलेलें आहे. खेळाडूस आयुष्याचे 20 गुण असतात. पहिल्या तीन ठोकळ्यांची उंची माफ. त्यापुढें प्रत्येक ठोकळ्यास एक गुण वजा. म्हणजे 23 मीटरांवरून पडलेला माणूस मरतो. त्याच खेळांत रॅव्हेजर नांवाचा एक धिप्पाड राक्षसी पशु आहे. त्याचे गुण 100. वरील हिशेबानें त्यास मरण्यासाठीं 103 मीटरांचा कडा लागेल. दिल्लीच्या कुतुबमिनाराची उंची सुमारें 73 मीटर आहे. म्हणजे हा पशु कुतुबमिनारावरून खालीं पडून, तीस गुण पदरीं शिल्लक ठेवून, चालता होईल! मांजरास पडण्यापासून मुळींच इजा होत नाहीं, असाही या खेळाचा एक नियम आहे. त्या एका गोष्टींत तो निसर्गाच्या पुष्कळ जवळ गेला आहे.

लहान-मोठ्या प्राण्यांच्या पडण्याचा हा विचार आजचा नव्हे. 1638 सालीं हॉलंडांतील लायडन येथें गॅलिलिओचा अखेरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें एक साधें निरीक्षण नोंदविलें आहे. तीन-चार हात उंचीवरून घोडा पडला तर त्याचीं हाडें मोडतात. तेवढ्याच उंचीवरून कुत्रा पडला, किंवा त्याच्या दुप्पट-अडीचपट उंचीवरून मांजर पडलें, तरी त्यांस कांहीं होत नाहीं. याचें मूळ त्यानें क्षेत्रफळ व घनफळ यांच्या भेदांत शोधलें. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही दुप्पट केलीं, तर त्याच्या हाडाच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण त्याचें वजन आठपट होतें. खांबाची ताकद चौपट आणि ओझें आठपट. म्हणजे नुसतें उभें राहतांनाच त्याच्या हाडांवर दुप्पट ताण.

परंतु येथें घाईनें निष्कर्ष काढूं नये. पडण्याचें गणित उभें राहण्याच्या गणिताहून थोडें निराळें आहे. हवेचा अडथळा सोडला तर सर्व पदार्थ सारख्याच वेगानें खालीं येतात. 5 मीटरांवरून पडलेलें मांजर आणि 5 मीटरांवरून पडलेला हत्ती हे दोघेही ताशीं सुमारें 36 किलोमीटर वेगानें जमिनीस भिडतात. हत्तीच्या देहांत आघाताची ऊर्जा अधिक, हें खरें; पण ती ऊर्जा जिरविणारें मांस व हाडही त्याच प्रमाणांत अधिक असतें. हा हिशेब शेवटपर्यंत नेला, तर अगदीं सारख्या घडणीच्या लहान व मोठ्या प्राण्यांस सारख्या उंचीचें पडणें सारखेंच बाधावें, असें उत्तर येतें. म्हणजे एकाच्या आयुष्याचा शेंकडा दहा हिस्सा गेला, तर दुसर्‍याचाही शेंकडा दहाच जावा. यावरून एवढें तरी ठरतें कीं, मोठ्या प्राण्यास झुकतें माप देणारा नियम कागदावरही टिकत नाहीं.

मग गॅलिलिओच्या घोड्याचीं हाडें कां मोडतात? कारण प्रत्यक्ष प्राणी कागदावरच्या प्राण्यांसारखे नसतात. याचीं चार कारणें सांगतां येतील.

पहिलें कारण हवा. लहान देहास वजनाच्या मानानें पृष्ठभाग पुष्कळ असतो. त्यामुळें हवा त्यास अडविते व त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढूं देत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत उंच इमारतींच्या खिडक्यांतून पडून पशुवैद्यांकडे आणलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेंकडा नव्वद वांचलीं. वाटेंतच मेलेलीं मांजरें त्या मोजणींत येत नाहींत हें खरें, तरीही हा आंकडा बोलका आहे. हत्तीच्या वजनापुढें मात्र हवेचा हात दुबळा पडतो. विहिरीच्या दहा-पंधरा मीटरांत तर हवेस आपलें काम करण्यास अवधीच मिळत नाहीं. तेथें मांजर व बिबट्या यांस उपयोगी पडतें तें तळाचें पाणी.

दुसरें कारण पायांची घडण. मांजराचे पाय सदैव थोडे वाकलेले असतात. जमिनीस लागतांच ते दुमडतात आणि आघात हळूहळू जिरवितात. प्रचंड वजनाच्या प्राण्यास असे वाकलेले पाय परवडत नाहींत. त्याचे पाय खांबासारखे सरळ उभे असतात, म्हणूनच तो आपलें ओझें पेलूं शकतो. परंतु खांब दुमडत नाहीं. तो टिकतो, नाहीं तर मोडतो.

तिसरें कारण हाडाची चीर. हाडांत साठलेली आघाताची ऊर्जा त्याच्या घनफळाच्या प्रमाणांत असते, पण चीर पुढें सरकण्यास लागणारी ऊर्जा चिरेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत असते. म्हणून हाड जितकें मोठें, तितकी एकदां पडलेली चीर पुढें धांवण्यास सोपी. आणि चौथें कारण गॅलिलिओनें दाखविलेलेंच : महाकाय प्राण्याच्या हाडांची पुष्कळशी ताकद उभें राहण्यांतच खर्च झालेली असते, आघातासाठीं शिल्लक थोडी.

हीं चारही कारणें हत्तीच्या ठायीं एकत्र दिसतात. 2003 सालीं थायलंडांतील हत्तींचा वेग मोजला गेला. ताशीं सुमारें 25 किलोमीटर वेगानें जातांनाही त्यांचा एखादा तरी पाय जमिनीस टेकलेला होता. प्रौढ हत्ती घोड्यासारखी उडी घेत नाहीं. म्हणून प्राणिसंग्रहालयांत त्यास अडविण्यासाठीं एक खंदक पुरेसा होतो. दक्षिणेंत खड्डे खणून हत्ती धरण्याची जी जुनी रीत होती, ती बदनाम झाली याचें एक कारण असें कीं, त्या खड्ड्यांत पडून कित्येक हत्ती जायबंदी होत. बिबट्या ज्या खोलींतून गुरगुरत वर येतो, तिच्याहून पुष्कळ उथळ खड्डा हत्तीस जन्माचा पांगळा करूं शकतो.

इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीं 1926 सालच्या एका निबंधांत हाच विचार मोठ्या गंमतीनें मांडला. खोल खाणींत उंदीर टाकला तर तो क्षणभर बावचळून उठतो व निघून जातो. घोड्याच्या मात्र चिंधड्या उडतात, असा त्यांचा आशय. हे हाल्डेन 1957 सालीं भारतांत आले व कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागले. योगायोग असा कीं, महाराष्ट्राच्या सर्वांत प्रसिद्ध डायनोसॉराचें नांव याच संस्थेवरून पडलें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें या संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉराचीं हाडें मिळालीं. 1997 सालीं सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. 2003 सालीं त्यास स्वतंत्र वंशाचें नांव मिळालें तें 'आयसीसॉरस'; संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तें केलेलें आहे.

आयसीसॉरसाचें वजन 15 टन धरलें आणि तो 5 मीटर उंचीच्या दरडीवरून खालीं आला असें मानलें, तर त्याच्या पायांना चार किलो वजनाच्या मांजराच्या 3750 पट ऊर्जा जिरवावी लागेल. आणि तीही हत्तीसारख्या खांबवजा पायांनीं. तेवढ्या उंचीवरून मांजर सहज उतरतें. आयसीसॉरसाचा तो बहुधा शेवटचा प्रवास ठरला असता.

अशा प्राण्यास पडण्यासाठीं कडाही लागत नाहीं, ठेंच पुरते. कारण जितका प्राणी उंच, तितकें त्याचें धड जमिनीपासून दूर; तो कोलमडला कीं त्या सार्‍या उंचीवरून पडतो. अमेरिकेंतील टायरॅनोसॉरस या हिंस्र डायनोसॉराविषयीं जेम्स फार्लो व त्यांच्या सहकार्‍यांनीं 1995 सालीं हा हिशेब केला. सहा टनांचा हा प्राणी धांवतां धांवतां पडला असता, तर त्याच्या धडास गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें सहापट धक्का बसला असता. आणि आंखूड हात पुढें करून तो स्वतःस सांवरूंही शकला नसता. अर्थात् जिराफही पाय मोडण्याचा धोका पत्करून धांवतो, तेव्हां टायरॅनोसॉरस कधींच धांवला नसेल असें यावरून म्हणतां येत नाहीं. मध्यम आकाराचे डायनोसॉर पडूनही वांचत, याचीही साक्ष संभवते. 1991 सालीं वायोमिंगमध्यें सांपडलेल्या 'बिग अल' नांवाच्या ॲलोसॉरसाच्या सांगाड्यांत मोडून पुन्हां सांधलेल्या बरगड्या आहेत. घाव कशाचेही असोत, ते भरून येईपर्यंत तो जगला. पण त्याचें वजन टायरॅनोसॉरसाच्या मानानें पुष्कळ कमी होतें, हें विसरतां येत नाहीं.

मग खेळ करणारांनीं काय करावें? उपाय कठीण नाहीं. वजाबाकी ठराविक गुणांची न ठेवतां आयुष्याच्या हिश्शाची ठेवावी. उंदरासारख्या जीवांस ती जवळजवळ माफ असावी. आणि देह वाढेल तसा तो हिस्साही वाढत जावा. मऊ चिखल, पाणी व खडक यांत भेद करावा. महाकाय प्राण्याचा पाय घसरला तर तो लंगडावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कड्याच्या टोंकाशीं आला असतां त्यानें आपणहून थांबावें, पाठीवरच्या स्वाराचें न ऐकतां मागें फिरावें. असें झालें तर खेळांतील गंमत कमी होईल, ही भीति व्यर्थ आहे. आज खेळांतला डायनोसॉर दिसतो मोठा, पण पडतो कापसासारखा. ज्या दिवशीं तो उतारावर पाऊल जपून टाकील, त्या दिवशीं मुलास त्याचें वजन प्रथम जाणवेल.

नाशिकच्या मुलांनीं आपल्या कल्पनेंतला डायनोसॉर ब्रह्मगिरीच्या किंवा साल्हेरच्या कड्यावर उभा करावा, हें स्वाभाविक आहे. पण हे कडे डायनोसॉरांनीं पाहिलेले नाहींत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं, त्यांचें युग संपत आलें असतां, जो लाव्हारस थरावर थर पसरला, तोच गोठून हा काळा पाषाण झाला. आणि पुढें कोट्यवधि वर्षें पाऊस, वारा व नद्या यांनीं तो झिजवून त्याचे डोंगर कोरले. आयसीसॉरसाचीं हाडें सांपडलीं तीं नदी-तळ्यांच्या कांठच्या गाळाच्या थरांत. तेथील मोकळ्या भूमीवर तो आपले खांबासारखे पाय एकेक करून टाकीत चालला असेल. आजही विहिरीच्या कांठाशीं आलेला बैल बिचकतो व मागें सरतो, आणि शेतकरी त्यास भित्रा म्हणत नाहीं. मांजराला त्या विहिरीचें भय कमी, बैलाला अधिक. आणि दोघांचेंही आपापल्या देहापुरतें बरोबर आहे. म्हणूनच विहिरीला कठडा बांधावा तो बिबट्यापुरता नव्हे. बिबट्या बहुधा पुन्हां वर येतो; गोठ्यांतला बैल येईलच, याची शाश्वति नाहीं.