तान्ह्या बाळाचे दुखणे कसे ओळखावे?

(ओठ व टाळू दुभंगलेल्या बालकांच्या पालकांसमोर एका बालभूलतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा अंश)



ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते, टाळूची त्यानंतर. व्रण राहील का, बोलणे सुधारेल का, हे सारेच विचारतात. बाळाला किती दुखेल, हे मात्र आईवाचून क्वचितच कोणी विचारते.

यात पालकांनाच दोष कसा द्यावा? नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपरिपक्व, म्हणून त्यास वेदना नाही, ही समजूत १९८० च्या दशकापर्यंत वैद्यकविश्वातही दृढ होती. स्नायू शिथिल करणारे औषध व अत्यल्प भूल यांवर कित्येक शस्त्रक्रिया उरकल्या जात. तिला हादरा दिला तो इंदूरला वैद्यकशास्त्र शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी. फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बालकांत ताणाची संप्रेरके कमी स्रवतात व शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही घटते, हे त्यांनी व ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले.

बाळ बोलत नाही. म्हणून चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत रुग्णालयांत आहे. मातांनीही याच खुणा पाहाव्यात. निपचित पडलेले, दूध नाकारणारे बाळ 'गुणी' समजू नये. तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

शस्त्रक्रियेच्या वेळी गालातील मज्जातंतू बधिर केल्यास पहिले काही तास सुसह्य जातात. तो परिणाम ओसरण्यापूर्वीच पॅरासिटामॉल सुरू व्हावे आणि पहिले दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, घड्याळ पाहून द्यावे. रडण्याची वाट पाहू नये. मात्रा वजनावर ठरते. येथे एक धोका आहे. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या ५ मिलीत १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र! एकीचे माप दुसरीला लावले की अनर्थ ओढवतो. ॲस्पिरिन देऊ नये. कोडीनही नको, अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरविले.

आजीबाईंचा रोष पत्करून सांगतो, वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आईची कूस मात्र खरोखरच औषधासारखी काम करते. अंगावर केव्हा पाजावे, हे शल्यविशारदांना विचारूनच ठरवावे. टाके ओढू नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधल्या असतील, तर कोणी समोर बसून एकेक हात मधून मधून मोकळा करावा. कित्येकदा रडण्याचे कारण तेच असते.