अंधारखोलींतील बाटल्या

१९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. तेथें त्यांचे चुलत नातू कनु गांधी यांनीं घनश्यामदास बिर्लांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींच्या अटी तीन होत्या. फ्लॅशचा झोत नको, छायाचित्रासाठीं मुद्दाम बसावयास सांगणें नको, आणि खर्च आश्रमाकडे मागावयाचा नाहीं. म्हणजे कुटींतल्या मंद उजेडांत जें टिपलें तें टिपलें. पुन्हां तो क्षण मागावयाची सोय नाहीं. अशी फिल्म धुतांना रसायन बिघडलें तर दोष कोणास द्यावा? हौशी मंडळी भिंगाविषयीं तासन्‌तास बोलतात, बाटलीविषयीं मात्र चकार शब्द नाहीं.

वर्ध्याचा उन्हाळा येथें पहिला शत्रु होय. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डेव्हलपरला मात्र २० अंश मानवतात. पाणी फार ऊन असलें कीं फिल्मवरील जिलेटिन फुगून मऊ पडतें, क्वचित् सुटूनहि येतें. म्हणून पहांटे, बर्फाच्या पाण्याच्या परातींत भांडीं ठेवून, थर्मामीटर पाहून काम करावें. शेवटचें धुण्याचें पाणीहि तितकेंच थंड असावें.

डी-७६ हा डेव्हलपर घरींहि बनतो. एका लिटरास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टांकणखार २ ग्रॅम. सुमारें ५० अंश ऊन असें पाऊण लिटर पाणी घ्यावें. सल्फाइटची चिमूट प्रथम, मग मेटॉल. सल्फाइट पुष्कळ झाल्यावर मेटॉल विरघळतच नाहीं. नंतर उरलेलें सल्फाइट, हायड्रोक्विनोन, टांकणखार. एक विरघळल्यावांचून दुसरें टाकूं नये. शेवटीं थंड पाण्यानें लिटर भरावा. ताक घुसळल्यासारखें ढवळूं नये, कारण हवा हीच डेव्हलपरची वैरीण.

त्याच कारणानें एका मोठ्या बाटलीऐवजीं तपकिरी कांचेच्या चार लहान बाटल्या गळ्यापर्यंत भराव्या. भरलेली बाटली थंड जागीं सुमारें सहा महिने टिकते, अर्धी रिकामी दोनच. पातळी उतरली तर स्वच्छ गोट्या आंत सोडाव्या. मुलांकडून उसन्या घेतल्यास परत मात्र देऊं नयेत!

हायपोची मौज निराळी. तो विरघळतांना पाणी आपोआप गार होतें, म्हणून तेथें ऊन पाणीच घ्यावें. त्याचा चमचा व भांडें स्वतंत्र असावें. त्याचे थोडे थेंब डेव्हलपरांत गेले तरी फिल्म धुरकटते. हायपो पाण्यासारखा दिसतो, यास्तव सरबताच्या बाटलींत तो भरणें हा निव्वळ अविचार. प्रत्येक बाटलीवर नांव व तारीख लिहून ती कुलुपांत ठेवावी. मेटॉलनें कित्येकांच्या हातांस पुरळ उठते. रबरी हातमोजे घालावे.

बाटलीविषयीं शंका असल्यास फिल्मचा एक तुकडा उजेड दाखवून तींत टाकावा. कांहीं मिनिटांत तो काळाकुट्ट झाला नाहीं, तर ती बाटली ओतून द्यावी आणि मगच खरी फिल्म बाहेर काढावी.