दारूचं व्यसन ओळखताना

‘मी कुठे रोज पितो?’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. पण रोज न पिणाराही दारूच्या आहारी गेलेला असू शकतो. डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? त्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? आणि सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो का? दोन उत्तरं जरी ‘हो’ आली, तरी तपासणी करून घ्यावीच.

शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर. शरीराला दारूची सवय जडली, की ती न मिळाल्यास हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. अशा माणसाला शपथा घालून, खोलीत कोंडून दारू एकदम बंद करायला लावू नका, हे कळकळीनं सांगतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पुण्याचं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांक आहे. पिणारा तयार नसेल, तर घरच्यांनी फोन करावा.